ईशानीची प्लेलिस्ट

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आजपासून डायरी. आमच्या कंपनीत सध्या 'वेलबीइंग वीक' चालू आहे. त्यात बोलायला आलेल्या बाई म्हणाल्या, रोज चार ओळी लिहीत जा, डोकं शांत राहतं. माझं डोकं शांतच असतं. पण घरात ज्याचं नाही त्याच्यासाठी काही करायचं तर नोंदी हव्यात, म्हणून ही वही.

काल ईशानीच्या शाळेतून फोन आला. लीव्हिंग सर्ट म्हणजे इथली, आयर्लंडमधली बारावी, ती जूनमध्ये. सध्या तिची सराव परीक्षा चालू आहे, तिला मॉक्स म्हणतात. इंग्रजीच्या पेपरला आमची कन्या थोडा वेळ बसली, मग उठून बाथरूममध्ये गेली, ओकली, आणि परत हॉलमध्ये गेलीच नाही. त्यांच्या वर्षाच्या प्रमुख मिसेस डूली फोनवर म्हणाल्या, "शी'ज अ ग्रँड गर्ल, गिरीश, डोन्ट बी वरीइंग." इथे सगळंच ग्रँड, म्हणजे छान, असतं. पाऊस ग्रँड, उशिरा आलेली बस ग्रँड, आणि पेपर सोडून पळालेली मुलगीही ग्रँड.

घरी आल्यावर विचारलं तर ईशानी म्हणाली, "इट्स ग्रँड, बाबा," आणि खोलीचं दार लावून घेतलं. माझी बायको वृंदा हॉस्पिटलमधून आली, कोट न काढताच वर गेली आणि बऱ्याच वेळानं खाली आली. मी विचारलं, "काय म्हणाली?"

"काही नाही. मीही काही विचारलं नाही. नुसती बसले."

इतकी वर्षं डॉक्टरकी करून बाई पेशंटची हिस्टरीसुद्धा घेत नाही, याला काय म्हणावं?

प्रश्न सरळ आहे. जूनमध्ये त्याच हॉलमध्ये, तसल्याच शांततेत, ईशानी शेवटपर्यंत बसली पाहिजे. बाकी मार्क, कॉलेज, सगळं नंतर. एकच प्रश्न असला की तो सोडवता येतो. पोटापाण्यासाठी मी तेच करतो.

शनिवार, १४ फेब्रुवारी

त्याच बाईंच्या भाषणाचा दुसरा भाग संगीतावर होता. विद्यार्थ्यांनी नेमानं संगीत ऐकलं तर ताण उतरतो, झोप लागते, मन थाऱ्यावर येतं. मी शेवटच्या रांगेत लॅपटॉप उघडून बसलो होतो, तरी एवढं कानावर पडलं. बाई पुढे "पण" म्हणून आणखी काहीतरी सांगत होत्या, तेवढ्यात मला एक मीटिंग आली.

ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसपासून सिटीवेस्टच्या घरापर्यंतचा प्रवास योजना आखायला पुरेसा असतो. लुआसमधून, म्हणजे इथल्या ट्राममधून, उतरेपर्यंत सगळं तयार होतं. प्रत्येक खोलीत एक छोटा स्पीकर. वेळेनुसार राग. सकाळी वेगळे, अभ्यासाला वेगळे, झोपताना वेगळे. ईशानीच्या नावाचं खातं, म्हणजे काय ऐकलं, किती ऐकलं, सगळं मला आलेखात दिसेल. आणि प्रत्येक सत्रानंतर तिचा अभिप्राय, दहापैकी.

संध्याकाळी आम्ही दोघं बाहेर जेवायला गेलो, तिथे वृंदाला सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आज चौदा फेब्रुवारी आहे, ठाऊक आहे ना तुला?"

"हो तर. पक्के साडेतीन महिने आहेत हातात."

तिनं डेझर्ट मागवलं. एकटीसाठी.

रविवार, २२ फेब्रुवारी

प्रकल्प सुरू. स्वयंपाकघर, हॉल, जिन्याच्या वरचा पॅसेज आणि ईशानीची खोली, चारही ठिकाणी स्पीकर बसले. सकाळी सगळ्या घरात एकदम बासरी सुरू झाली तेव्हा मला भरून आलं. पुण्यात आमच्याकडे रेडिओच्या एका आवाजासाठी तिघं भांडायचो.

ईशानी दात घासत बाहेर आली आणि म्हणाली, "हू'ज युअर मॅन?" म्हणजे इथल्या बोलीत, हा कोण बुवा?

"बासरी आहे ती."

"ही साउंड्स लाइक ही'ज लॉस्ट."

तरी ऐकली तिनं. नंतर मी विचारलं, दहापैकी कसं वाटतंय. थोडा विचार करून म्हणाली, "सेव्हन." पहिल्याच दिवशी सात. मी आशेनं सहा धरले होते. संध्याकाळी तिनं माझा जुना फोन मागितला, प्लेलिस्टसाठी वेगळा हवा म्हणाली; तिचं खातं त्यावर उघडून दिला. तिचा फोन मेसेजेसनी सारखा वाजतो, त्यात राग बुडून जातो. मला कौतुक वाटलं. पोरीनं प्रकल्प मनावर घेतलाय.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

ऑफिसात जानेवारीपासून कॉलवर जिची कुजबुज चालली होती, त्या 'पुनर्रचने'चं ईमेल आलं. काही टीम एकत्र होणार, काही जागा जाणार, सल्लामसलत चालू राहील वगैरे. अशी ईमेलं दर वर्षी येतात. घरी सांगण्यासारखं त्यात काही नाही. वृंदाला तिच्या ड्यूट्या कमी नाहीत, आणि ईशानीच्या कानावर तर जाताच कामा नये.

हातातलं घड्याळ आज दोनदा थरथरलं. म्हणे बसल्या जागी हृदयाचे ठोके जास्त आहेत. पट्टा सैल असणार. एक घर घट्ट केलं.

ईशानी: सात.

रविवार, १ मार्च

नागपूरहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. प्रभाताई म्हणजे गाण्याच्या शिक्षिका, आता निवृत्त, पण कान निवृत्त झालेला नाही. मी मोठ्या हौशीनं फोन स्वयंपाकघरातल्या स्पीकरजवळ धरला.

"जावईबापू, सकाळचे किती वाजले तुमच्याकडे?"

"साडेनऊ."

"अन् हा यमन लावून बसले? पोरीले संध्याकाळ झाली वाटली तं ती झोपून जाईल ना."

मी सांगितलं की सकाळ आणि संध्याकाळ बदलून पडली असेल, एका ओळीची दुरुस्ती आहे. मग मला खरा पेच सुचला. इथे जूनमध्ये रात्री दहाला सूर्य मावळतो. म्हणजे संध्याकाळचे राग घड्याळाप्रमाणे लावायचे की सूर्याप्रमाणे? सासूबाईंचा चेहरा पडद्यावर थिजल्यासारखा झाला. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"पोरीले झोप कधी येते, ते पाहा आधी," त्या म्हणाल्या.

उत्तर मोघम होतं. दोन्ही पर्याय ठेवतोय.

मंगळवार, १० मार्च

आकडे चांगले म्हणजे फारच चांगले आहेत. ईशानी आता रोज पाच-सहा तास ऐकते. अभिप्राय सातच्या खाली एकदाही नाही. वरही नाही. एवढं सातत्य मी कुठल्या प्रकल्पात पाहिलेलं नाही.

जेवताना वृंदा म्हणाली, "घर फार गप्प झालंय रे."

त्या वेळी चारही खोल्यांत संतूर चालू होतं. मी आवाज दोन घरं वाढवला. ती माझ्याकडे बघत राहिली. दोघांत कुणाचे कान तपासायला हवेत कळेना.

अभिजितचा फोन आला. तो इथल्या मराठी मंडळाचा सचिव. दोन वर्षांनी त्याचा संकेतही लीव्हिंग सर्टला बसेल, म्हणून याची झोप आत्तापासून उडालीये. पाडव्याच्या कार्यक्रमात मी यावर पंधरा मिनिटं बोलावं म्हणतो. मी नाही-नाही म्हणत स्लाइड्स करायला घेतल्या.

रविवार, २२ मार्च

पाडवा गुरुवारी झाला, पण मंडळाचा आज, बॉल्सब्रिजच्या एका हॉलमध्ये. गुढी, श्रीखंड, लहान मुलांचे नाच, मग मी. विषय: 'संगीत आणि आपल्या मुलांचं मनःस्वास्थ्य'. ईशानीचा आलेख पडद्यावर आला तेव्हा हॉलमधून "वा" असा आवाज आला. अर्थात तिचं नाव काढून 'विद्यार्थिनी अ' केलं होतं, पण मी तिचाच बाप असल्यामुळे सगळे तिच्याकडेच बघत होते. ती मागे बसून बटाटेवडा खात होती. चेहरा असा की आत काय चाललंय कुणाला कळू नये. वडे दोनच खाल्ले, एरवी चार खाते.

सहा जणांनी प्लेलिस्टची लिंक घेतली. अभिजितनं तिथल्या तिथे संकेतच्या फोनवर चालू केली. संकेत ईशानीकडे गेला, ती त्याच्या कानात काहीतरी बोलली, तो हसला. चला, मोठ्या मुलांनी लहानांना मार्गदर्शन केलेलं बरं.

परतताना गाडीत मी ईशानीला विचारलं, भाषण कसं झालं. "सेव्हन," ती म्हणाली. वृंदा खिडकीबाहेर बघून खोकत होती.

रविवार, २९ मार्च

घड्याळं एक तास पुढे गेली. त्यामुळे आकड्यांतही गोंधळ झालाय. परवा ईशानीची आयरिशची तोंडी परीक्षा आहे, म्हणून ती आज मैत्रीण ग्रॉन्याबरोबर सकाळीच हाउथला गेली. समुद्रावर फिरत एकमेकींशी आयरिशमध्ये बोलायचं, हीच त्यांची तयारी. फोटो पाठवला: वाऱ्यानं केस तोंडावर आलेले, हातात आइस्क्रीम, आणि महिनाभरात पहिल्यांदाच दात दिसतील असं हसू. पण आलेख सांगतो की दिवसभर ती घरी सतार ऐकत होती. घड्याळ बदलल्यामुळे नोंदी सरकल्या असणार. उद्या बघतो.

ऑफिसात मंगळवारी 'वैयक्तिक भेटी' आहेत. आमच्या टीममधल्या सगळ्यांनाच बोलावलंय, म्हणजे माझ्या एकट्याचं काही नाही. झोप जरा अडखळते. झोपायच्या वेळची यादी मी स्वतःही लावून पाहिली. पहिला आलाप संपायच्या आत घड्याळ थरथरलं. हे घड्याळ बदलून घ्यायला हवं.

गुरुवार, २ एप्रिल

आयरिशची तोंडी परीक्षा झाली. ईशानी शेवटपर्यंत बसली, पण तिथे समोर एकच बाई होती आणि बोलायचं होतं. घरी येऊन म्हणाली, खरी भीती मोठ्या हॉलची आहे, "द क्वाएट, यू नो?" एवढं एकच वाक्य, पण आपण होऊन बोलली. मी लगेच 'परीक्षा हॉल' नावाची नवी यादी करायला घेतली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि वर निघून गेली.

शनिवार, ११ एप्रिल

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी आंघोळीला निघालो तर बाथरूममध्ये टॉवेल नव्हता. टॉवेल असतात वरच्या पॅसेजमधल्या हॉट प्रेसमध्ये. प्रेस म्हणजे इथे कपाट. त्यात गरम पाण्याची टाकी असते, म्हणून हॉट, आणि म्हणून टॉवेल-चादरी तिथेच ठेवतात, कोरड्या राहतात. मी खालचा मोठा टॉवेल ओढला आणि त्याच्याबरोबर माझा जुना फोन बाहेर आला. चार्जरला लावलेला. पडद्यावर 'अभ्यास: सकाळ दोन' चालू. आवाज शून्यावर.

मला समजायला बराच वेळ लागला. म्हणजे फेब्रुवारीपासून माझी अख्खी प्लेलिस्ट, राग वेळेवर, खंड न पडता, आमचे टॉवेल ऐकत होते. सगळ्या आयर्लंडमध्ये एवढे शांत टॉवेल दुसऱ्या कुणाच्या घरी नसतील. आणि त्यांचा आलेख मी भर सभेत टाळ्या घेऊन दाखवला.

मागे ईशानी उभी होती. मला वाटलं ती रडेल. मला वाटलं मी ओरडेन. यातलं काहीच झालं नाही. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. मी टॉवेल खांद्यावर घेऊन शेजारी बसलो. ती इंग्रजीत बोलली, ते मी आपल्या भाषेत लिहितो, कारण मला ते तसंच ऐकू आलं.

"बाबा, तुझं म्युझिक वाईट नाही. युअर मॅन बासरीवालासुद्धा ठीक आहे. पण ते लागलं की मला कळतं, आता थोड्या वेळात तू दार वाजवणार आणि दहापैकी विचारणार. मग मी ऐकतच नाही, उत्तराची तयारी करते. सगळ्यालाच मार्क आहेत यंदा. गाण्याला तरी नकोत."

"मग सात का म्हणायचीस?"

"सहा म्हटलं तर तू काळजी करशील. आठ म्हटलं तर अजून स्पीकर आणशील."

खरं होतं. पाचवा स्पीकर मी बघूनही ठेवला होता.

मग ती म्हणाली, "तुझ्या जॉबचं मला माहितीये."

मी म्हटलं, कसलं काय. ती म्हणाली, तिच्या खोलीखाली माझं घरचं ऑफिस आहे आणि माझे कॉल तिला ऐकू येतात. जानेवारीपासून, मॉक्सच्याही आधीपासून. बासरी लावली तरी ऐकू येतात. ती वाट बघत होती मी सांगेन म्हणून.

"पूर्वी तू भांडी घासताना गायचास," ती म्हणाली. "ते वेडं गाणं. कढई, तवा, जे हातात असेल ते घालून. मी वर अभ्यास करत असायचे आणि ते ऐकू आलं की वाटायचं, सगळं ओके आहे. जानेवारीत तू थांबलास. आणि मग घरात सगळीकडे स्पीकर आले."

मी गातो हेच मला माहीत नव्हतं. खरोखर नव्हतं. आणि थांबलो हेही माहीत नव्हतं. माझ्या पोरीला मात्र दोन्ही माहीत होतं, आणि ती तेवढं एकटीनं घेऊन त्या हॉलमध्ये जाऊन बसली होती. मला फार वाईट वाटलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, "युअर टॉवेल स्मेल्स," आणि तिथेच बसून राहिली.

रविवार, १२ एप्रिल

वृंदाला नोकरीचं सांगितलं. तिला आधीपासूनच माहीत होतं. घरात मी एकटाच गुपित पाळत होतो. तिनं आधी माझं मनगट धरून नाडी पाहिली आणि मग म्हणाली, "घड्याळ बिघडलेलं नाहीये, येड्या." उद्या डॉक्टरकडे जायचं आहे. दुसऱ्या डॉक्टरकडे, कारण घरच्या डॉक्टरचं मी ऐकत नाही.

चारही स्पीकर काढून खोक्यात भरले. ईशानीचं खातं तिला देऊन टाकलं, माझ्याकडे आता काही दिसत नाही. संध्याकाळी तिच्या खोलीतून ढणढण आवाज येत होता, कुणीतरी ओरडत होतं, बहुधा डब्लिनचंच. मी दार वाजवलं नाही. जिन्याखाली थोडा वेळ उभा राहिलो, पण त्याला वाजवणं म्हणत नाहीत.

अभिजितचा फोन. फार खूश. संकेत रोज आठ-आठ तास ऐकतोय. मी विचारलं, "तुमच्याकडे टॉवेल कुठे ठेवता?" त्याला प्रश्न कळला नाही. संकेतसाठी मी एवढं तरी करू शकतो, पुढे काही बोललो नाही.

शनिवार, २५ एप्रिल

जेवणानंतर भांडी घासायला मुद्दाम उभा राहिलो. बायको आणि मुलगी दोघी घरात. गळा साफ केला आणि कढईवर चार ओळी म्हटल्या. चालही बरी जमली होती.

वरून आवाज आला, "बाबा, यू'र परफॉर्मिंग."

वृंदा हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. ठरवून गाता येत नाही म्हणजे काय? मी पुन्हा एकदा प्रयत्न केला, या वेळी सहज. "स्टिल परफॉर्मिंग." नाद सोडला. कढई मुकाट्यानं घासली.

गुरुवार, १४ मे

ईशानी मिसेस डूलींशी बोलली. हॉलमध्ये दाराजवळची जागा मिळेल, लागलं तर बाहेर जाऊन पुन्हा येता येईल. हे तिनं स्वतः मागितलं, मला नंतर सांगितलं. मी चांगलं म्हटलं, एवढंच. खूप प्रश्न होते. वृंदानं टेबलाखालून पाय दाबला, तो अजून दुखतोय.

काल तिला रात्री जेवण गेलं नाही. आज पुन्हा दोन पोळ्या खाल्ल्या. असं वर-खाली चाललंय. पूर्वी मी याचा आलेख केला असता.

शुक्रवार, २९ मे

निकाल लागला, माझा. जागा गेली. जुलैअखेर शेवटचा दिवस. भेटीतून बाहेर पडलो, ग्रँड कॅनालच्या काठावर कॉफी घेऊन बसलो आणि स्वतःच्या मनाची चाहूल घेत राहिलो, आता कोसळेल, मग कोसळेल. कोसळलं काहीच नाही. ज्याची इतके महिने भीती होती ते होऊन गेलं होतं, आणि कॉफी चांगली होती.

घरी जेवतानाच सांगितलं, दोघींना, पोळी वाढता वाढता. ईशानीनं विचारलं, "आर यू ओके?" मी नेहमीसारखं ग्रँड म्हणणार होतो. मग म्हटलं, "घाबरलोय थोडा. पण कालच्यापेक्षा कमी." तिनं मान डोलावली. "सेम," ती म्हणाली.

मंगळवार, २ जून

उद्या पहिला पेपर, इंग्रजी. तोच विषय. हॉलही तोच.

घरात कुणी उद्याचं बोलत नव्हतं. ईशानी संध्याकाळी वर पुस्तकं घेऊन बसली. वृंदानं मुगाची खिचडी केली, ती कुकरमध्ये कशी लागली हे तिलाच ठाऊक. मी कुकर घासत होतो आणि डोक्यात विचार चालला होता की ऑगस्टपासून सकाळी लुआस पकडायची नाही तर करायचं काय, बाग करावी का, आणि आपल्याला बागेतलं काही येत नाही.

तेवढ्यात वरून ईशानी ओरडली, "बाबा! शट अप! आय'म ट्राइंग टू स्टडी!"

मी वृंदाला म्हटलं, मी कुठे काय बोललो? ती ओट्याला टेकून माझ्याकडे बघत होती. डोळे भरले होते तिचे, आणि हसत होती.

"गात होतास. कुकरवर. बराच वेळ."

"काय गात होतो?"

"शिट्टी गेली, रिंग गेली, तळाशी खिचडी राहून गेली. तीच ओळ, पंधरा वेळा तरी. फार वाईट."

मी नळ सोडला आणि पुढची भांडी घेतली. वरचं दार बंद झाल्याचा आवाज काही आला नाही.

बुधवार, ३ जून

सकाळी शाळेच्या फाटकाशी सोडलं. तिचा चेहरा पांढराफटक होता. मी काही विचारलं नाही, दप्तर तेवढं हातात दिलं. ग्रॉन्या आली, दोघी आत गेल्या. मी ऑफिसला जातो असं कबूल केलं होतं, आणि गेलोही. दिवसभर फोन उलटा ठेवला. म्हणजे उलटा ठेवून मधूनमधून सुलटा करून पाहिला. शाळेचा फोन आला नाही.

दुपारी तिचाच आला. मागे मुलामुलींचा कल्ला, सीगल ओरडताहेत, आणि ही तोंडात काहीतरी भरून बोलतेय.

"बसले मी. शेवटपर्यंत." चक्क मराठीत.

मी खुर्चीतून उठलोच. मग तिचं नेहमीचं इंग्रजी सुरू झालं, धाडधाड, की मॉक्समध्ये जिथे झालं होतं तिथेच परत झालं, हॉल एकदम गप्प झाला, ओकारी येणार असं वाटलं, ती उठणार होती, दार तर शेजारीच होतं. आणि त्या शांततेत, नेमकं तेव्हा, डोक्यात माझा कुकर सुरू झाला. शिट्टी गेली, रिंग गेली. तीच ओळ, थांबेचना. तिला इतका राग आला, इतका राग आला, की रागारागात तिनं पुढचा प्रश्न लिहायला घेतला, आणि वर पाहिलं तर अर्धा पेपर झाला होता.

"द होल टाइम, बाबा. द होल एक्झॅम. इट वॉज अ नाइटमेअर," ती म्हणाली. "आज भांडी आई घासेल."